बर्फाखालचा रांजण

आमच्या वाईनच्या रांजणघराच्या दारात एक उंच, भिजलेला माणूस उभा होता आणि माझ्या हातात दगड होता. आमची पहिली भेट ही अशी.

"चोर असाल तर सरळ सांगा," मी म्हटलं.

"चोर असतो तर बाहेर भिजत थांबलो असतो का, बाई?"

गावच्या पुलाच्या कामाला आलेला, खालच्या सपाटीवरच्या काखेती प्रांतातला. नाव रेवाझ. बाहेर पावसात बर्फ मिसळलेला. मी त्याला आत घेतलं, कारण माणसाला दाराबाहेर ठेवणारं आमचं घर नाही. दुसरं कारण... त्याच्या पापण्यांवर बर्फ वितळत होता आणि मी तिकडे जरा जास्तच वेळ पाहिलं होतं.

माझे वडील द्राक्षं तुडवून झाली नि त्याच महिन्यात गेले. त्यांना मुलगा नाही, मी एकटी. त्यांच्या हातची शेवटची वाईन गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या रांजणात होती. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी आम्ही आपापल्या माणसांच्या थडग्यांवर वाईन ओततो. वडिलांच्या थडग्यावर त्यांचीच वाईन पडावी, एवढंच मला हवं होतं. पण त्या वर्षी आमच्या डोंगराळ राचात थंडी लवकर उतरली आणि रांजणातली फसफस मंदावत मंदावत थांबली.

वार्लामकाकांनी, म्हणजे वडिलांच्या भावानं, निकाल देऊन टाकला होता. "अर्धवट राहिली ती, लामारा. भट्टीवर चढव, निदान कडक दारू तरी निघेल. आणि रांजण पुरुषानं सांभाळायचा असतो."

"तुमचा दरवर्षी आंबट होतो, तो कोण सांभाळतं?" मी विचारलं होतं.

रेवाझनं त्या पहिल्या दिवशी रांजणाच्या झाकणाला कान लावला. "गप्प आहे."

"झोपलीय."

"आमच्याकडे वाईन अशी मध्येच झोपत नाही. नाताळाला तयार."

"तुमच्याकडे सगळंच घाईत. म्हणून तुमची वाईन कोरडी, गोडवाच नाही तिला."

"आणि राचाची माणसं म्हणे इतकी सावकाश, की..."

"की काय?"

"की कोणी आवडलं तरी वर बघायला वेळ लावतात."

मी झाकणावरची ओली माती उगाच थापत बसले. वर बघितलं नाही.

मग तो येतच राहिला. कधी लाकडं फोडून द्यायला, कधी काही न सांगता. एकदा मी मावशीकडे मुक्कामाला गेले होते. परत आले तर रांजणघर उबदार! दोन्ही बाजूंना निखाऱ्यांच्या शेगड्या, आणि हा हसत उभा. "कान लाव तिला," म्हणाला. "जागी झाली."

खरंच आतून कुजबुज येत होती.

"विझवा," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. थंडीनं थांबवलेली असते म्हणून आमची वाईन गोड राहते. ऊब दिलीत, आता उरलेली साखरही ती खाऊन टाकेल. माझ्या बापानं जन्मात कोरडी वाईन प्यायली नाही. मेल्यावर पाजू?"

तो पांढरा पडला. सबब एकही सांगितली नाही, ते मला आवडलं. शेगड्या बाहेर नेल्या, टोपली उचलली आणि बर्फ आणायला गेला. मीही गेले. अंधार पडेपर्यंत आम्ही रांजणावर बर्फ रचत होतो. त्याची बोटं निळी झाली, तेव्हा मी ती माझ्या हातांत घेतली.

"मलाही गारच ठेवणार का?"

"तुम्हाला नाही..."

त्या हिवाळ्यात या बाबतीत एवढंच बोलले मी. पण रोज तो ताजा बर्फ आणायचा आणि आम्ही दोघं कान लावून ऐकायचो. कुजबुज हळूहळू निमाली. थंडीत वाईन सावकाश मुरते. गाळ आपला आपण तळाला जातो, रानफळासारखा वास टिकतो. नीट राहिली की बिघडली, हे मात्र झाकण काढल्याशिवाय कळत नाही.

ईस्टरआधी पूल झाला. बाकीचे कामगार खाली उतरले, रेवाझ थांबला. रांजण उघडायच्या दिवशी काकांनी फावडं त्याच्या हातात दिलं. "घरात पुरुष नाही, तू उघड."

रेवाझनं ते माझ्याकडे दिलं. "रांजण हिचा आहे."

माती मीच फोडली. वाळवलेल्या भोपळ्याच्या डावानं पहिला घोट घेतला. गोड होती... आणि जिभेच्या टोकाला बारीकसं टोचणारं काही. वडिलांच्या वाईनमध्ये ते कधी नव्हतं.

"कशी आहे?" त्यानं विचारलं.

"वडिलांची आहे," मी म्हटलं. "थोडी तुझी."

तुझी म्हणाले, ते काकांनीही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी थडग्यावर लाल अंडी ठेवली, मक्याची भाकरी ठेवली. सगळं घर गोळा झालेलं. रेवाझनं पेला भरला, अर्धा मातीवर ओतला आणि वडिलांशी बोलू लागला.

"मी रेवाझ. निखारे मीच ठेवले होते. चूक झाली. तरी विचारतो... लामारा मला द्याल का?"

काकांनी तोंड उघडलं. मी हात वर केला.

"वडील फार बोलत नसत," मी म्हणाले. "त्यांच्या वतीनं मी सांगते. इथे वर राहणार असशील तर हो."

"राहतो," तो म्हणाला, आणि उरलेला अर्धा पेला त्यानं माझ्यापुढे धरला.