खोडावरचे मऊ बोगदे

चार्वी फार संशयी. दूधसुद्धा ती आधी हुंगायची, मगच प्यायची. त्यामुळे बागेची राखण करणाऱ्या राखण्या नावाच्या यंत्रमानवाने जुन्या हापूसला वाळवी लागल्याचं जाहीर केलं, तेव्हा तिच्या कपाळाला लगेच आठी पडली.

राखण्या कीटकनाशकाची टाकी भरूनच आला होता. झाड मोहोरलेलं आणि खाली चार्वीच्या मधमाश्यांची पेटी. फवारा उडाला की माश्या मेल्याच. ती खोडाला पाठ लावून उभी राहिली आणि तिने कीटकशास्त्रज्ञ असलेल्या सुनेत्राआत्याला हाक मारली.

"वाळवीचे बोगदे मातीचे असतात. हे मऊ का लागतात?" चार्वीने विचारलं.

राखण्याचं म्हणणं सरळ होतं. तपकिरी बोगदे, तेही खोडावर, म्हणजे वाळवी. त्याला तसंच शिकवलं होतं.

आत्याने चिमट्याने एक बोगदा हलकेच उसवला. वरून सालीचा भुगा, आत पांढरं रेशीम. एक काळपट, लांबट कीटक चक्क उलटा पळत आत शिरला. कोळीच असणार, असं चार्वीला वाटलं. आत्याने पाय मोजायला लावले. सहा निघाले, कोळ्याला तर आठ असतात. सुरवंटही नव्हे, सुरवंट तोंडातून धागा काढतो, हा नाही.

मग भिंगातून पुढचे पाय दिसले. त्यांचा गुल्फ (पायाचा टोकाकडचा भाग) हातमोजा घातल्यासारखा फुगीर होता. त्यात रेशीमग्रंथी (रेशीम तयार करणारे अवयव) असतात, आत्या म्हणाली. हा विणकर कीटक. त्याची पिल्लंही पायांनीच विणतात.

"आणि खातो काय?" चार्वीने दरडावून विचारलं.

"सुकी साल आणि सालीवर वाढणारं दगडफूल. झाडाला काही करत नाही."

तरी चार्वीने स्वतः आणखी थोडं उसवून पाहिलं. तिथला कीटक पळालाच नाही. ती आई होती, अंड्यांना बिलगून बसलेली. चार्वीला फार वाईट वाटलं. तिने हात मागे घेतला.

राखण्याही भिंगातून बराच वेळ पाहत होता. त्याने फवाऱ्याची नळी खाली केली.

"मागे मी फणसावर वाळवी म्हणून फवारलं होतं," तो म्हणाला. "तेव्हा उसवून पाहिलं नव्हतं."

मग चार्वीने भिंग उचललं आणि त्याला घेऊन फणसाकडे निघाली.

फणसाच्या खोडावरचे बोगदे मऊच होते, आणि सगळे रिकामे. राखण्याने आपला दिवा दाट पानांकडे वर धरला. उंचावरच्या फांदीवर रेशमाचा एक ताजा पांढरा पदर होता, आणि तो हळूहळू लांबत होता.