कोरा डावा कोपरा

माझा त्याच्यावर पहिल्या दिवसापासून राग होता. आमच्या चष्म्याच्या दुकानाबाहेर स्टूल टाकून तो येणाऱ्याजाणाऱ्यांची चित्रं काढायचा आणि विकायचा. त्यानं पोस्टमन काढला, फुगेवाला काढला, माझ्या बाबांचं टक्कलसुद्धा काढलं. त्याच्या डाव्या हाताला, दारात सारखी येऊन उभी राहणारी मी तेवढी स्वारीला दिसत नव्हते!

तऱ्हेवाईक तर इतका, की कुणी घासाघीस केली की चित्र टराटरा फाडायचा आणि कुणी पोट धरून हसलं की फुकट देऊन टाकायचा.

"सगळ्या चित्रांचा डावा कोपरा कोरा का?" आठ महिन्यांनी मी विचारलंच.

तो दचकला. अख्खी मान वळवून त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कधी आलात?"

"तासभर इथंच आहे."

"कोपऱ्यात वारा राहतो," तो मिश्कील हसला.

मी मात्र हसले नाही. दिवसाला वीस जणांचे डोळे तपासते मी. चित्रांचा गठ्ठा चाळला... कोरा कोपरा महिन्यागणिक मोठा होत चालला होता.

"आत चला. डोळे तपासते."

"चष्मा खपवताय?"

"चला म्हणते ना!"

उजवा डोळा झाकून मी त्याला मशीनसमोर बसवलं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. उजवीकडे — टक. वर — टक. डावीकडे ठिपका लागला, विझला... पुन्हा लागला. दाब ना रे, दाब! त्याचा अंगठा हलला नाही. डावा डोळा झाकून पाहिलं, तरी तेच.

"झालं?" त्यानं विचारलं. माझा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं.

डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येणार नाही, पण थेंब रोज घातले तर उरलेली टिकेल, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी जागा रिकामी. तिसऱ्या दिवशीही. त्या दोन दिवसांत मी सारखी दाराबाहेर डोकावत राहिले.

चौथ्या दिवशी स्टूल दिसलं — पायरीच्या पलीकडच्या बाजूला. आता आमचं दार त्याच्या उजव्या हाताला होतं.

"जागा बदललीत?"

"आठ महिने तुम्ही माझ्या कोऱ्या कोपऱ्यात उभ्या होतात," तो हळूच म्हणाला. "आता जेवढं दिसतंय ना... त्यात तुम्ही हव्यात. रोज."

"आणि थेंब?"

"ते तुम्हीच घाला. माझा नेम चुकतो."

मी हसले, रडलेही बहुतेक.

"हलू नका," तो म्हणाला. त्यानं बोटानं चाचपून कागदाचा डावा कोपरा शोधला, तिथं पेन्सिल टेकवली आणि तिथूनच मला काढायला सुरुवात केली.