डाव्या मनगटाचा दोरा

आपला बौद्ध विहार अजून उभा राहतोय म्हणे, कित्येक वर्षं. तोवर उपासना अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावाजवळ, लाओसहून आलेल्या लाओ लोकांच्या विहारात जायची. त्रिशरण तेच, चाल तेवढी वेगळी. नंतर चिकट भात आणि गप्पा.

जानेवारीत नागपूरला आई गेली. व्हिसाच्या घोळात उपासनाला जाता आलं नाही, सगळं फोनवर पाहिलं. रडू आलंच नाही. तेव्हापासून उकळता चहासुद्धा तिच्या जिभेला लागत नव्हता. एकवेळ तेही चाललं असतं, पण सहा वर्षांची अनिका तिच्या कुशीतून सरकून झोपायला लागली. मागच्या उन्हाळ्यात आलेली आजी तिला थोपटायची, दोन हलक्या थापा आणि एक जोराची. उपासनानं तसंच करून पाहिलं, तर लेक म्हणाली, “मॉम, यू आर नॉट इव्हन हिअर.”

पोर हातची जाईल, या भीतीनं ती विहारातल्या खामला आजींकडे गेली. माणूस असा सुन्न झाला की लाओ लोक त्याच्या भटकलेल्या जिवाला हाका मारून परत बोलावतात आणि मनगटाला पांढरा दोरा बांधतात.

“आम्ही आत्मा मानत नाही, आजी,” उपासना म्हणाली.

“नको मानू. हात दे.”

आजींनी तिच्या तळहातावर उकडलेलं अंडं ठेवलं. दाराकडे तोंड करून लांबलांब हाका मारल्या. उजव्या मनगटाला दोरा बांधला. मग पुन्हा दाराकडे पाहिलं, जरा सरकून जागा केली, आणि डाव्या मनगटालाही बांधला.

परतताना गाडीचं स्टिअरिंग उजव्या हाताला गार लागलं. घरी अनिकाच्या केसांचा वास आला आणि उपासना ढसाढसा रडली. अनिका आपणहून कुशीत शिरली आणि झोपली.

तेवढ्यात नागपूरहून धाकट्या बहिणीचा, मीराचा फोन आला. तिकडे सकाळ होती.

“ताई, तू गेली का?”

“कुठून?”

“आईच्या खाटेवर तू बसून राहायची ना रोज. मी म्हटलं, बसू दे. मला पण बरं वाटे. आज उठली अन् चालली गेली.”

उपासनानं फोन कानाशी दाबला.

“आई पण तुझ्या मागंच निघाली. पोहोचली का?”

फोन उजव्या हातात होता. डावा अजून बधिरच होता.

तो अनिकाला थोपटत होता. दोन हलक्या, एक जोराची.

उपासनानं तो मागे घ्यायचा प्रयत्न केला. एकही थाप चुकली नाही.