इंगाबाईंचं शेवटचं रीळ

इंगाबाई अमरावतीहून सकाळच्या मोटारीनं अकोल्याला आल्या, तेव्हा शेषराव गावंडे दाढी करत होते आणि सूर्यभान मास्तर त्यांच्या वाटचा चहा पीत होते. शेषराव पोलिसातली नोकरी सोडून खासगी तपास करत. मास्तरांचं काम एवढंच की त्यांच्यासोबत हिंडायचं आणि भलत्याच माणसावर संशय घ्यायचा. ते काम मास्तर अगदी मन लावून करत.

"माहं सिनेमाचं रीळ गेलं," बाई म्हणाल्या. "टरंकेतून. कुलूप जसंच्या तसं हाय."

गोऱ्यापान म्हातारीच्या तोंडून वऱ्हाडी ऐकून मास्तरांचा कप वाटेतच थांबला.

इंगाबाईंचा जन्म डेन्मार्कचा. मूकपटांच्या काळात मुंबईत त्या नायिका होत्या. शेवटच्या चित्राच्या वेळी घोड्यावरून पडल्या, उजवा हात मोडला. "पलिस्तर पदराखाली लपवलं आन् चित्राच्या शेवटी दिवा डाव्या हातानं लावला. हात जुळून आला, तवर बोलपट आले. मले तवा मराठीचा म येत नव्हता. कोण घेते मंग?" पुढे जंगलखात्यातल्या साहेबाशी लग्न करून त्या वऱ्हाडात आल्या आणि भाषा शिकल्या, पण आता विचारतो कोण.

"हात मोडल्याचं कोणाला माहीत आहे?" शेषरावांनी विचारलं.

"कोणालेच नाई. कंपनीनं लपवलं, मीबी लपवलं." उजव्या हातानं कप उचलताना तो बशीवर वाजला. "काचबिंदू हाय, साहेब. डॉक्टर म्हणते, दिवाळीपर्यंत डोये राह्यले तर नशीब. मले एक खेप स्वतःले पाहाचं हाय. त्या शेवटच्या चित्राचं तेवढं एकच रीळ होतं."

दिवाळी तर तोंडावर आली होती.

दुपारी ते अमरावतीला बाईंच्या बंगल्यावर पोचले. ट्रंकेची चावी घड्याळामागे असे, आणि ते तिघांना ठाऊक होतं.

पहिले पंजाबराव. एके काळी त्यांचा फिरत्या सिनेमाचा तंबू होता, आता वरूडला संत्र्याचा धंदा, अमरावतीला आले की मुक्काम बाईंकडेच.

"रीळ मी मांगतलं होतं, चोरलं नाई," ते तडकले.

"त्यात बाई कोणत्या हातानं दिवा लावतात?" शेषरावांनी विचारलं.

"डाव्या हातानं. पुढं खुर्ची टाकून पाह्यलं ना मी, किती खेळ."

"हाच," मास्तर शेषरावांच्या कानाशी लागले. शेषराव हसले नुसते.

मग स्वयंपाक करणारी पंचफुला. तोच प्रश्न.

"उजव्या हातानं," ती हात पुसत म्हणाली. "तंबूत आमी बाया पडद्याच्या मांगं बसत होतो, गडीमाणसं पुढं. पडदा वला केला का मांगूनबी झकास दिसे."

दोघांपैकी एक धडधडीत खोटं बोलतंय, हे मास्तरांनी ओळखलं. त्यांनी पंजाबरावांना सोडून पंचफुलेवर संशय धरला.

शेवटी देवमन, टॉकीजमधला ऑपरेटर. बाईंना चित्र दाखवायला मशीन तोच आणणार होता.

"म्या एकदाच पाह्यलं, लहानपणी वलगावले, तंबूत. मायच्या मांडीवर बसून. त्याच्यानंतर नाई." शेषरावांनी दिव्याचं विचारलं. "डाव्या हातानं लावते दिवा. अजून डोयापुढं हाय."

शेषरावांनी सगळ्यांना समोरच्या खोलीत बोलावलं. येताना इंगाबाई खुर्चीवर आदळल्या. मास्तरांनी त्यांना धरून बसवलं आणि तिथंच उभे राहिले.

"पंजाबराव खरं बोलले," शेषरावांनी सुरुवात केली, "आणि पंचफुलाबाईही."

"अरे, असं कसं?" मास्तर म्हणाले.

"मास्तर, मागून पाहिलं की चित्र उलटं दिसतं. पुढून डावा, तर मागून उजवा. देवमन आईच्या मांडीवर बसला, म्हणजे बायकांत, पडद्याच्या मागे. त्याला उजवा हात दिसायला हवा. बाई घरात सगळं उजव्या हातानं करतात, तेव्हा डावा अंदाजानंही सांगता येणार नाही. देवमन, ते चित्र तू पुढून कधी पाहिलंस?"

देवमन म्हणाला, "मायसाठी नेलं, साहेब. तिनं सारी जिंदगी मांगूनच पाह्यलं. म्हने, मरायच्या आंधी एक खेप पुढून दाखव. म्हनून घरी लावलं, आन् मशीनमदी अडकून पेटलं. कापून जेवढं वाचलं तेवढं एकट्यानं लावून पाह्यलं आन् ठेवलं. शेवटचा दिवा राह्यला फक्त. बाईले कोणत्या तोंडानं सांगू?"

मास्तरांना वाटलं, आता म्हातारी कोसळते.

"दिवा हाय ना?" इंगाबाई म्हणाल्या. "मंग लाव. तुया मायलेबी आन."

दुसऱ्या दिवशी दारं-खिडक्या लावून पडदा म्हणून ओलं धोतर ताणलं. देवमनची आई पार्बताबाई पुढे खुर्चीत बसली. मशीन घरघरलं. इंगाबाई डोळे ताणून पाहत होत्या.

"काहीच दिसून नाई राह्यलं," त्या म्हणाल्या आणि उठून पडद्याजवळ गेल्या. त्यांचीच सावली चित्रावर पडली आणि चित्र पुसलं गेलं. एवढंसं रीळ, तेही संपलं.

"मांगून जा ना, बाई," पार्बताबाई म्हणाली. "तिथं सावली नाई पडत."

देवमननं पुन्हा लावलं. मास्तरांनी हाताला धरून बाईंना मागे नेलं. ओल्या कापडाला नाक लागेल इतक्या जवळ त्या उभ्या राहिल्या. एक तरुण पोरगी उजव्या हातानं दिवा लावत होती.

इंगाबाईंनी आपला उजवा हात तिच्या हातावर ठेवला.

"पार्बताबाई," पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "इकडं ये. तू इतके वर्स पाह्यलं तेच चांगलं होतं. इकडून माहा हात मोडलाच नाई."