फिरकीचा तांब्या

वस्तू कशी असावी, तर आमच्या फिरकीच्या तांब्यासारखी. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वर्कशॉपात माझी सारी नोकरी लेथवर गेली, त्यामुळे आटे पाडण्यातलं मला चार लोकांपेक्षा जास्त कळतं. पितळेचं गोल पोट, आतून कलई, गळ्याला आटे, आणि त्यावर झाकण असं बसायचं की एस.टी.च्या फळीवर आडवा टाकला तरी भुसावळ ते धुळे थेंब सांडायचा नाही. माझ्या बायकोच्या, प्रमिलाच्या मामांनी चोपड्याहून आणून आमच्या लग्नात दिलेला. प्लास्टिकच्या वॉटरबॅगा आल्या आणि माणसांची अक्कल गहाण पडली, असं मी म्हणायचो. अभिमन हसायचा.

अभिमन आमचा एकुलता एक. अहमदाबादला डिझाइन शिकत होता. "तांब्या-लोट्याची चित्रं काढायला पाच वर्षं? अरे, आमच्या वर्कशॉपात ये, आठवड्यात शिकवतो!" मी चिडवायचो. तो म्हणायचा, "आबा, याला ना कान, ना मूठ, तरी कुठं धरायचं ते हाताला बरोबर कळतं. ते कसं, तेवढंच शिकतोय." एकोणनव्वदच्या चैत्रात तो राजस्थानातली जुनी घरगुती भांडी बघायला निघाला, तेव्हा हट्टानं हाच तांब्या मागून घेतला. प्रमिलानं नळाचं पाणी गाळून काठोकाठ भरून दिला.

तो परत आला नाही. रस्त्याकडेला एका खेजडीच्या झाडाखाली सापडला, पिशवी उशाशी. तिथले डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. त्याला तिथंच अग्नी देऊन मी पिशवी घेऊन घरी आलो. पिशवी जड होती, पण त्या दिवसांत मला माझे पायही जड झाले होते.

प्रमिला रडली नाही. तिनं एकच विचारलं, "पानी भेटनं का त्याले?"

"भेटलं ना," मी म्हणालो. "तिकडची माणसं चांगली आहेत."

मग तिनं पिशवी उघडली, तांब्या उचलला आणि तशीच खाली बसली. "हाई ते भरेल शे," ती म्हणाली.

मी ओरडलोच. म्हटलं, अगं, भरलेला आहे म्हणजेच तो प्यायला! वाटेत संपवला, पुढच्या नळावर पुन्हा भरून घेतला, साधा हिशेब आहे. तिनं तांब्या माझ्यापुढं सरकवला. "मंग उघाडा. चाखी देखा. आपलं पानी व्हई ते समजी जाई."

खरं होतं. कॉलनीच्या पाण्याला औषधाचा वास यायचा, एका घोटात ओळखलं असतं. राजस्थानचं निघालं तर पोरगा पिऊन गेला. आपलं निघालं तर उशाशी भरलेला तांब्या असून तो तहानलेला गेला. मी झाकणावर हात ठेवला. लोखंड कापणारा हात माझा, पण तो फिरेना. तिनंच माझं मनगट धरलं. "नको," म्हणाली. तांब्या फळीवर गेला. दोघांचीही छाती झाली नाही, झालं.

काही दिवसांनी वीजकेंद्राच्या चिमणीची उडून बसलेली राख पुसायला मी तो उचलला, तर आत पाणी डुचमळलं. काठोकाठ भरलेलं भांडं वाजत नाही. आधी वाटलं, झिरपत असेल. खाली वर्तमानपत्र पसरलं. कागद कोरडा. मग सुईनं झाकणापासून गळ्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली. कुणी झाकण केसभर फिरवलं तरी रेघ तुटायला हवी. रेघ रोज जशीच्या तशी असायची. पाणी रोज कमी व्हायचं.

कुणाला सांगणार? लोक म्हणाले असते, पोराच्या दुःखानं पंडित मिस्तरीचं डोकं फिरलं. पण पहिल्या दिवसांत आमचं घर आवरायला येणाऱ्या शेजारच्या हसीनाबी एकदा डबा घेऊन आल्या. जागा करायला त्यांनी फळीवरचा तांब्या उचलला आणि थबकल्या. "भाभी, उस दिन तो ये पूरा भरा था ना?"

प्रमिलाच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा रंग आला. "पी ऱ्हायना तो," ती म्हणाली. म्हणजे, पोरगा पितोय.

हसीनाबी डबा ठेवून घाईघाईनं निघून गेल्या.

त्या दिवसापासून प्रमिला जेवायला लागली. केस विंचरायला लागली. मी तिला वेडी म्हणायचो, आणि ड्यूटीवरून आल्यावर चपलाही न काढता आधी फळीकडे जायचो. देवा शपथ, मला पण तेच हवं होतं.

आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. माणूस तहानलेला राहू नये म्हणून. प्रमिला म्हणाली, मातीची घागर नको, त्याची घागर हीच. गव्हाच्या राशीवर तिनं तांब्या ठेवला, पुढं सांजोरी, आंब्याचा रस. बाहेर लिंबाला झोके बांधले होते, पोरी गाणी म्हणत होत्या. भर दुपारचं ऊन दारात पडलं होतं.

तिनं नमस्कार करून तांब्या उचलला. एका बोटावर उचलला जाईल इतका हलका.

"बठ्ठं पी टाकं मन्हा बाबानी!" पोरानं सगळं संपवलं म्हणून ती हसत होती आणि रडत होती. "आते उघाडा."

रेघ सरळ होती. मी झाकण फिरवलं. आटे किर्र वाजले.

आतून गरम, कोरडी हवा तोंडावर आली.

मी बोट घातलं, तळापर्यंत. चाखायला एक थेंबही नव्हता. आता ते कधीच कळणार नव्हतं.

प्रमिलानं तोंड तांब्याजवळ नेलं आणि हळूच विचारलं, "पोट भरनं का रे, बाबा?"

आतून आवाज आला. बोलणं नव्हे. टाळूला चिकटलेली जीभ सुटते ना, तेवढाच.

मी ऐकला. माझ्या या कानांनी.

तिच्या हातून तांब्या घेऊन मी नळाकडे धावलो.

तेव्हापासून आम्ही तो रोज सकाळी भरायचो. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रिकामा. निवृत्त होऊन आम्ही फैजपूरला राहायला आलो, तिथंही तेच. आम्ही त्यावर बोलायचं सोडून दिलं होतं. पोरगा आहे, पाणी मागतो, आपण द्यायचं.

गेल्या वर्षी प्रमिला गेली. घरीच, माझ्या मांडीवर. मी शेवटपर्यंत चमच्यानं पाणी पाजत होतो. शेवटचा चमचा ओठाच्या कडेनं ओघळला, पण त्याआधीचे सगळे तिनं गिळले होते. तिला तहान नव्हती, हे मला पक्कं माहीत आहे. मी स्वतःला समजावलं, माय पोचली. आता ती त्याचं बघेल. आता तांब्या भरलेला राहील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो भरला. दुपारी बारालाच रिकामा होता.

हल्ली दोनदा भरतो.