पाचवा बोया

एक बोया उडी मारत नाही.

गेल्या मार्चमध्ये ढोलकीची एक थाप पडायची राहिली.

काचेच्या पेटीत दिवा लावला की खालचं चित्र वरच्या कागदावर दिसतं.

‘उद्या पाचपर्यंत खुलासा न आल्यास आपली फिल्म महोत्सवातून वगळण्यात येईल.’

हे पत्र घेऊन आलिया तेजस्वी साळवीसमोर बसली होती. तेजस्वी रत्नागिरीतली खाजगी तपासनीस. शेजारी तिचे मामा सखाराम, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, आता भाचीचे मदतनीस.

नाटे गावच्या आलियाने नव्वद वर्षांपूर्वीच्या कार्टूनसारखी फिल्म काढली होती. काळी-पांढरी, रबरासारखे लांबणारे हात, होडीत नाचत जाळं ओढणारा खेकडा. महोत्सवात तिची निवड झाली. मग कुणीतरी महोत्सवाला निनावी एक मूक फीत धाडली, वीस सेकंदांची. दाभोळच्या एका जुन्या पेटाऱ्यात सापडली म्हणे, १९३२ ची. तोच खेकडा, तीच होडी.

“म्हणजे चोर मी,” आलिया म्हणाली. “अब्बांचा कतारहून फोन आला. म्हणाले, बेटा, खरं काय ते सांग. त्यांनीसुद्धा विचारलं!”

तेजस्वीने दोन्ही फिती शेजारी शेजारी लावल्या. फरक एकच. आलियाच्या जाळ्यावर तरंगणारे बोये प्लास्टिकचे, गोल. मूक फितीत लाकडाचे, चपटे.

“पूर्वी लाकडाचेच असायचे,” मामा म्हणाले. “जुनी फीत खरी गो, तेजू!”

“बोयांच्या उड्या मोजा, मामा.”

मामांनी बोट नाचवत मोजल्या. “दोन्हीत बोये आठ, उड्या सात. पाचवा ढिम्म.”

“परीक्षकांशिवाय फिल्म कुणी पाहिली होती?”

“तिघांनीच. ऋत्विक, उमेर, अक्रम सर.” आलिया थांबली. “तिघंही घरचेच.”

ऋत्विक माळनाक्याला ध्वनिमुद्रण करायचा. “आधी ताल, मग त्यावर चित्रं, ही तिची रीत. मी एवढंच म्हटलं, आवाज खरखरीत हवा. ते तिने ऐकलं.”

उमेर तिचा चुलत भाऊ, ढोलकी त्याची. “पाचवी थाप चुकली माझी. तळलेला बांगडा खाऊन बसलो होतो, हात घसरला. आपा म्हणाली, राहू दे, बोयाही चुकू दे! या ऋत्विकने महिनाभर चिडवलं मला.”

अक्रम सरांनी आलियाला लहानपणापासून चित्रकला शिकवलेली. तिसऱ्या बेलला दार उघडलं. कानात श्रवणयंत्र बसवतच ते म्हणाले, “कामात असलो की काढून ठेवतो. बरं वाटतं.”

टेबलावर काचेची पेटी होती. दिवा चालू.

“फिल्म कशी वाटली, सर?”

“बोये दिसले आणि बंद केली. तीनदा बजावलं होतं, त्या काळी प्लास्टिक नव्हतं. ऐकते कुठे? आणि पेपरात परीक्षकांचं छापून येतं, हुबेहूब जुना काळ!”

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला तेजस्वीने सगळ्यांना आलियाच्या खोलीत बसवलं.

“मूक फितीत पाचवा बोया का थांबतो? तिथे तर ढोलकीच नाही. तो थांबतो, कारण गेल्या मार्चमध्ये उमेरचा हात घसरला. म्हणजे ती फीत आलियाच्या फिल्मवरून गिरवलेली आहे. ध्वनिमुद्रणाची तारखेसकट प्रत मी महोत्सवाला पाठवली.”

“पण गिरवली कुणी?” मामा.

“उमेर आणि ऋत्विकला ती चूक पाठ होती. माग राहू नये म्हणून त्यांनी पाचव्याला उडी मारायला लावली असती. ज्याने ढोलकी ऐकलीच नाही, त्याने थांबलेला बोयाही इमानाने गिरवला. श्रवणयंत्र काढून, काचेच्या पेटीवर. फक्त प्लास्टिक गिरवायला त्याचा हात धजला नाही. खोटी फीत काढतानाही त्याने लाकूडच काढलं.”

उमेरने वळून अक्रम सरांकडे पाहिलं.

अक्रम सर आलियाकडे न बघता म्हणाले, “चुकीचं टिकायला नको होतं.”

“आणि खोटं टिकलेलं चाललं असतं, सर?” तेजस्वी म्हणाली.

सर आलियाकडे वळले.

“एवढा हट्ट कशासाठी?” त्यांनी विचारलं. “चपटे बोये काढायला काय जात होतं तुझं?”

आलियाने अब्बांना फोन लावला.

ती नऊ वर्षांची असताना अक्रम सरांनी तिला पहिला धडा दिला तो उड्या मारणाऱ्या चेंडूचा. तिचे बोये तेव्हापासूनच गोल होते.