लाट नव्हती

"ओमोआ, ऐकताय का? आज उतरता येणार नाही. लाट फार आहे... माफ करा."

तेहिना ओमोआ गावाच्या धक्क्यावरच्या रेडिओच्या खोलीत होती. तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. फिलोमेन मावशी गुडघाभर पाण्यात उभी राहून पातेलं घासत होती आणि खाडी इतकी निवांत, की साबणाचा फेससुद्धा जागचा हलत नव्हता.

"कुठली लाट?"

"...धक्क्याजवळची."

"मी धक्क्यावरच बसलेय!"

ज्या बोटीवरून तो बोलत होता, ती पर्यटकांची छोटी पांढरी बोट समोरच थांबली होती. तिच्यातल्या साठ माणसांसाठी बायकांनी पहाटेपासून जमिनीतली भट्टी पेटवली होती. डुक्कर, नीरफणस, नारळाच्या दुधातली मासळी... सगळं तयार होतं.

"नाव काय तुमचं?"

"मोएताई."

"कुठले?"

"उआ पोउ बेटाचा."

"म्हणजे आपल्यातलाच! मग तुला तर जास्तच लाज वाटायला हवी."

बोट भूशिराआड गेली. गाव तीन दिवस तेच अन्न खात राहिलं. तेहिनाच्या डोक्यातून मात्र तो आवाज जाईना. खोटं बोलायचं, आणि वर इतक्या मऊ आवाजात 'माफ करा' म्हणायचं? या गोष्टीचाच तिला अधिक संताप येत होता.

तीन आठवड्यांनी बोट आली. तिच्यावरून आलेल्या होडीतला उंच, सावळा तरुण म्हाताऱ्या पाहुण्यांना अलगद उचलून धक्क्यावर उतरवत होता. तेहिनानं एकेकाच्या गळ्यात हार घातला आणि त्याच्यापाशी आल्यावर हात मागे घेतला.

"माझा हार?"

आवाज तिनं लगेच ओळखला. "लाट फार आहे. घालता येणार नाही."

तो हसला. मग हसू मावळलं. "लाट नव्हती," तो हळूच म्हणाला. "बोटीला उशीर झाला होता. कप्तान म्हणाले, लाट आहे असं सांग."

"आणि तू सांगितलंस!"

"सांगितलं. आता मावश्यांना खरं सांगायला आलोय."

तो खरंच सगळ्या बायकांसमोर जाऊन उभा राहिला, मान खाली घालून सगळं बोलला. फिलोमेन मावशीनं ऐकून घेतलं आणि त्याच्यापुढे भरलेलं ताट सरकवलं.

"मावशी! एवढ्यात माफ केलंस?"

"माफ कुठे केलंय? जेवायला वाढलंय. आणि यापुढे बोटीनं नांगर टाकल्याशिवाय भट्टी पेटणार नाही, हे त्याच्या कप्तानाला कळू दे."

मोएताईनं नीरफणसाचा तुकडा तोडला. "तू नाही जेवणार?"

"माझं पोट रागानं भरलंय," तेहिना फणकारली. "आपल्या माणसांपुढे, आपल्या भाषेत खरं बोलणं सोपं असतं. त्या पाहुण्यांसमोर, कप्तानासमोर बोलून दाखव."

त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की तिला उगाचच केसांत खोचलेला सुगंधी पाल्याचा झुबका नीट करावासा वाटला. आपला हात केसांकडे गेलाय हे कळल्यावर तर ती स्वतःवरच चिडली.

पुढच्या फेरीच्या दिवशी सकाळपासून ती रेडिओपाशी होती. दुसरं काही काम नव्हतं म्हणून, असं तिनं मावशीला सांगितलं.

"ओमोआ... आज लाट—"

तेहिनानं खिडकीतून पाहिलं. खाडी तेलासारखी गुळगुळीत होती.

"कप्तान म्हणतात, लाट आहे असं सांग." मोएताई बोलला, एकदा दोघांच्या बेटांवरच्या भाषेत, मग तेच पाहुण्यांना कळेल अशा फ्रेंचमध्ये, मोठ्यानं. "लाट नाही. आम्हाला फक्त उशीर झालाय."

रेडिओवर त्याच्या मागे गलका उठला. सुकाणूच्या खोलीत आलेले पाहुणे चिडून बोलू लागले होते. अर्ध्या तासानं बोटीनं नांगर टाकला.

संध्याकाळी पाहुणे परतले आणि शेवटच्या होडीतून मोएताई आपलं बोचकं घेऊन धक्क्यावर उतरला. होडी त्याच्याशिवाय गेली.

"काढून टाकलं?" तेहिना धावत आली.

"हो."

"तुला काही अक्कल आहे का? चांगली नोकरी घालवलीस!"

"तूच म्हणालीस, त्यांच्यासमोर बोल."

"मी रागात म्हणाले! रागात माणूस काहीही बोलतं!"

"तू रागात नसतेस कधी?" तो मऊपणे म्हणाला. "नाही... मला चालेल. तेवढं विचारून ठेवतोय."

तिचे कान तापले. बोट भूशिरापाशी वळत होती. तिनं बोटीकडे मूठ उगारली. "लाज नाही वाटत यांना! खरं बोलला म्हणून माणसाला असं टाकून जायचं? उद्याच पत्र लिहिते मी. तुझ्या त्या कप्तानाला तर—"

"मंगळवारी हिवा ओआ बेटाला होडी आहे ना?" त्यानं विचारलं. "तिकडून घरी जाता येईल. बसू तिच्यात?"

"मला काय विचारतोस?"

"तुलाच विचारायचंय."

ती इतक्या जोरात ओरडली, की धक्क्यावरच्या साऱ्या बायका वळल्या.

"मी इतका वेळ घसा का फोडतेय, तुला खरंच कळत नाही? नको बसूस!"

बायका खदखदून हसल्या. फिलोमेन मावशी सगळ्यांत मोठ्यानं. "हसताय काय? घरी जा!" तेहिना त्यांच्यावरही खेकसली. पण मोएताईचा हात केव्हाच तिच्या हातात आला होता, आणि ओरडताना तिनं तो अजूनच घट्ट धरला.